आत्मपरीक्षण : हिशेब कुणाचा, देणं कुणाचं?

(हिंगोलीत तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'आत्मपरीक्षण आणि व्यक्तिमत्त्व विकास'. मी फोनवर म्हटलं, मी सॉफ्टवेअरमधला माणूस, मला यातलं काय कळतं? तर उत्तर आलं, "तुम्ही आपल्या जिल्ह्याचे, पुण्यात नोकरीला आहात, पोरं तुमचं ऐकतील." म्हणजे मला विषयासाठी बोलावलेलं नाही, नोकरीसाठी बोलावलं आहे. ठीक आहे. नोकरीचाही उपयोग पुढे करून घेतो.

विषय मोठा आहे, मी तो लहान करतो. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. ती माझ्या घरातली आहे आणि सांगताना मला लाज वाटते. पण ती टाळून मी या विषयावर बोललो तर ते नुसतं भाषण होईल, आणि भाषणं आपण खूप ऐकतो.

आधी या शब्दाचंच बघू. आत्मपरीक्षण हा शब्द आपल्या कानाला गोड लागत नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे. देशात कुठं काही वाईट घडलं आणि करणाऱ्याचं नाव आपल्यासारखं निघालं, की कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी म्हणतंच, "तुमच्या समाजानं आत्मपरीक्षण करायला पाहिजे." ज्यानं ते केलं त्याला मी ओळखत नाही, त्याचं गाव मला माहीत नाही, पण जबाब मी द्यायचा. याला आत्मपरीक्षण म्हणत नाहीत. ही उलटतपासणी झाली.

पुण्यात मी भाड्यानं घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं. शेवटी नाव सांगितलं की कळायचं, घर आजच सकाळी दुसऱ्याला गेलं. तुमच्यापैकी जे शिकायला बाहेर गेले त्यांना हे सांगावं लागणार नाही. अशा दिवशी रात्री बसून "माझं काय चुकलं" असं विचारत बसणं हा वेडेपणा आहे. माझं काही चुकलेलं नव्हतं. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. शिक्षण, नोकऱ्या, बँकेचं कर्ज यांत मुस्लिम समाज किती मागे राहिला आहे ते त्यात आकड्यांनिशी मांडलं आहे. त्यावर उपाय डोळे मिटून बसणं हा नाही. त्यासाठी शाळा लागतात, अर्ज लागतात, संघटना लागते, कोर्ट लागतं, मत लागतं.

म्हणून मी म्हणतो, दोन वह्या करा. एका वहीत माझ्यावर काय होतं ते लिहायचं. दुसऱ्या वहीत माझ्या हातून काय होतं ते. पहिली वही आपण चळवळीतली माणसं रोज भरतो आणि ती भरलीच पाहिजे. पण पहिली वही कितीही भरलेली असली तरी ती दाखवून दुसरी कोरी ठेवता येत नाही. बाहेर माझ्यावर अन्याय होतो, यानं घरात मी केलेला अन्याय फिटत नाही. आज मी दुसऱ्या वहीबद्दल बोलणार आहे.

या दुसऱ्या वहीची सगळ्यात जुनी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. कयाधूच्या काठावरचं नर्सी इथून जवळ, औंढा नागनाथही जवळ. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. परतवारीच्या यात्रेला तिथं केवढी गर्दी होते ते आपण लहानपणापासून बघतो. पंजाबातून शीख मंडळीही येतात, कारण त्यांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. मी शाळेच्या सहलीत तिथं गेलो होतो. तेव्हा ऐकलेली गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती परंपरेतली कथा आहे, इतिहासाचा पुरावा म्हणून मी सांगत नाही.

एकदा सगळे संत एकत्र जमले होते. मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना सांगितलं, तुम्ही कुंभार, तुम्हाला मडकी पारखता येतात, तर यातलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा. गोरोबाकाकांनी मडकी थोपटायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले. सगळे गप्प बसले. नामदेवांची पाळी आली आणि ते चिडले. गोरोबाकाका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

आता बघा, नामदेव म्हणजे काही साधा माणूस नव्हता. पंढरपुरात विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचं खातो, अशी त्यांची कीर्ती. कीर्तनकार म्हणून मोठं नाव. आणि कच्चे निघाले नेमके तेच. कशावरून? मार बसला म्हणून नाही, तो सगळ्यांनाच बसला. मार बसल्यावर राग आला यावरून. मला या गोष्टीतली हीच जागा महत्त्वाची वाटते. आपलं कच्चेपण आपल्याला एकांतात सापडत नाही. कुणीतरी बोट ठेवतं, आपण चिडतो, आणि चिडलो ती जागा कच्ची असते.

पुढं कथा सांगते की नामदेव रुसले, पण रुसून बसले नाहीत. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. बघतात तर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेवांनी हटकलं, तर विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथं पिंड. त्यांना गुरू भेटला तो असा. आणि हे विसोबा कोण? परंपरा सांगते, हेच विसोबा एके काळी ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांचा छळ करणाऱ्यांत होते. स्वतःची चूक बघून बदललेला माणूस नामदेवांना गुरू म्हणून मिळाला. मला हा योगायोग वाटत नाही. जो कधी चुकलाच नाही त्याला दुसऱ्याची कच्ची जागा कशी कळणार?

कुणी म्हणेल, ही त्यांची गोष्ट, आपली कोणती? माझ्या मते माती एकच आहे, तर गोष्टही आपलीच. तरी विचारलंच तर आपल्याकडेही आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. नावात संग्राम आहे, पण लढाई बाहेरच्या कुठल्या राजाशी नाही, माणसाच्या आतली आहे.

आणि त्याच्याही किती तरी आधी आपल्याकडे या कामासाठी एक शब्द आहे : मुहासबा. मूळ शब्द हिसाब, तोच जो मराठीत हिशेब झाला. नवव्या शतकात बगदादमध्ये हारिस अल्-मुहासिबी नावाचे विद्वान होऊन गेले. स्वतःचा हिशेब घेण्याबद्दल ते इतकं बोलत की त्यांचं नावच मुहासिबी पडलं. पुढे इमाम ग़ज़ालींनी 'इह्या'मध्ये यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यात त्यांनी दृष्टान्त घेतला आहे तो व्यापारातल्या भागीदाराचा. आपलं मन, नफ्स, हा आपला भागीदार आहे आणि भांडवल आहे आपलं आयुष्य. भागीदारावर कुणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. सकाळी त्याच्याशी अटी ठरवायच्या, दिवसभर नजर ठेवायची, संध्याकाळी हिशेब घ्यायचा आणि तूट निघाली तर ती भरून घ्यायची. मोंढ्यावर आडतीशी व्यवहार करणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला नको.

ग़ज़ालींनी हे नुसतं लिहिलं नाही. ते बगदादच्या निज़ामिया मदरशात शिकवत. त्या काळातली ती सर्वांत मानाची जागा. त्यांनी एकदा स्वतःला विचारलं, मी हे शिकवतो ते कशासाठी? उत्तर आलं, नावासाठी. मग काही महिने ते अडकले. नोकरी सोडवेना आणि शिकववेना. शेवटी तोंडातून शब्द फुटेना, वर्गात बोलताच येईना. १०९५ साली ते सगळं सोडून बगदादबाहेर पडले. भाषणं देणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला वाटतं. मी ठेवली नव्हती.

आता माझी गोष्ट.

आमचं गाव वसमत तालुक्यात. आठ एकर जमीन. पूर्णा प्रकल्पाच्या कॅनॉलचं पाणी येतं, त्यामुळे हळद, सोयाबीन, थोडा ऊस. घरात अम्मी, मोठे भाईजान, मधली आपा आणि शेंडेफळ मी. अब्बा २०१७ साली गेले. वारस म्हणून चौघांची नावं सातबाऱ्यावर लागली. वर्षभरानं भाईजानांचा फोन आला, "आपाचं हक्कसोडपत्र करून घेऊ." मी म्हटलं, "ठीक आहे." एवढंच. माझ्याकडून या विषयावर झालेली सगळी चर्चा म्हणजे ते दोन शब्द.

ठरलेल्या दिवशी मी पुण्याहून आलो, आपा सासरहून आली. नोंदणीच्या कार्यालयात तिचा फोटो काढला, मशीनवर अंगठा घेतला, सही घेतली. काम उरकलं. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो. पैसे मी दिले. मला ते नीट आठवतं, कारण पैसे देताना आपण बहिणीचे चांगले भाऊ आहोत असं मला वाटलं होतं.

पुढे चार वर्षांनी पुण्यात एका कार्यक्रमात मी मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांवर बोललो. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला, ते सांगितलं. सातच जणी होत्या, पण त्यांनी एका मोठ्या प्रश्नाला तोंड फोडलं, असं म्हणालो. वारसा हक्कात समान वाटा हवा, हेही म्हणालो. टाळ्या पडल्या. मी व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. अम्मीनं दुआ पाठवली. भाईजानांनी काही लिहिलं नाही. आपानं नुसता अंगठा पाठवला.

तो अंगठा बघितला आणि मला मशीनवरचा अंगठा आठवला.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग आला. तिचा. टोमणा मारते का? एवढं मनात होतं तर तेव्हा का नाही बोलली? खूप दिवसांनी मी तिला विचारलं तेव्हा कळलं, तिच्या मनात तसलं काही नव्हतं. "अच्छा बोला तू, इसलिए भेजी," म्हणाली. म्हणजे थापटणं मारणाऱ्याला आपण मारलं हे माहीतही नव्हतं. पण मडकं वाजलं. आणि आवाज कच्चा आला.

त्यानंतर चार महिने मी काही केलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत माणूस एका रात्रीत बदलतो असं दाखवतात. मी कामात डोकं घातलं. आणि शेवटी कामानंच वाट दाखवली.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला, लोकांचे व्यवहार अडकले, की दुरुस्तीनंतर एक अहवाल लिहावा लागतो. त्याचे नियम साधे आहेत. आधी काय घडलं ते वेळेनुसार लिहायचं, विशेषणं न लावता. मग 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्याला परत 'का' विचारायचं. 'अमक्याचा गाढवपणा' असं कारण लिहायचं नाही, कारण शिवी दिल्यानं पुढचा बिघाड टळत नाही. आणि शेवटी, आता कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहायचं. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर अहवाल बंद होत नाही, तो उघडाच राहतो. दुसऱ्यांच्या मशीनचे असे कितीतरी अहवाल मी लिहिले. एका रविवारी वही घेतली आणि हक्कसोडपत्राचा लिहिला.

तारखा लिहिल्या. कुणी काय म्हटलं ते लिहिलं. मग मी स्वतःला तेव्हा काय सांगितलं होतं ते लिहायला घेतलं, तर चार कारणं निघाली. एक, आपाच्या लग्नात अब्बांनी खूप खर्च केला होता. दोन, सगळ्यांच्या घरी असंच करतात. तीन, जमीन बाहेरच्या घरात जाईल. चार, ती स्वतः काही नको म्हणाली.

एकेकाला 'का' विचारलं. लग्नात खर्च झाला, खरं. पण भाईजानांच्या लग्नातही झाला आणि माझ्या इंजिनीअरिंगच्या फीमध्येही झाला. आमच्या वाट्यातून तो कुणी कापला नाही. सगळे असंच करतात, हेही खरं, पण मग मी चळवळीत कशाला आहे? जमीन बाहेर जाईल म्हणजे कुणाच्या घरी? माझ्या सख्ख्या भाच्यांच्या. आणि ती नको म्हणाली, या चौथ्या कारणापाशी माझा पेन थांबला. ती नको म्हणाली हे मला कसं माहीत? मी तिला विचारलंच नव्हतं.

मग हिशेब मांडला. शरियतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरले सात. त्याचे पाच भाग, भावांना दोन-दोन आणि बहिणीला एक. आपाच्या वाट्याला एक एकर सोळा गुंठे येतात. आणि मी मंचावरून मागत होतो तसा समान वाटा धरला तर त्याच सात एकरांत तिघांना प्रत्येकी दोन एकर तेरा गुंठे येतात. मी पुण्यात दोन एकर तेरा गुंठ्यांवर भाषण करत होतो आणि घरात तिचे एक एकर सोळा गुंठेही ठेवले नव्हते. पुढारलेला विचार आणि परंपरेचा नियम यांवर आपण तावातावानं वाद घालतो. मी तर दोन्ही मोडून बसलो होतो.

त्या ईदला मी आपाच्या सासरी गेलो. चहा झाला, दुल्हेभाई बाहेर गेले, तेव्हा विषय काढला. म्हटलं, "आपा, हक्कसोडच्या वेळी तू नको म्हणाली होतीस का?" ती हसली. म्हणाली, "मेरेकू पूछा कौन था?" मी म्हटलं, विचारलं असतं तर? थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ना बोलती, तो ईद को किसके घर आती?"

मला वाटत होतं, तिनं प्रेमानं सही केली. तिनं सही केली होती ती माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. एक एकर सोळा गुंठे ही तिच्या येण्या-जाण्याची किंमत होती, ती आम्ही घेतली होती आणि वर रस पाजला होता.

पुढचं काम सोपं असेल असं मला वाटलं. मी भाईजानांकडे गेलो. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "शेत कोण करतं? रात्रीची लाईट आली की पाणी द्यायला मी उठतो. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून मोंढ्यावर न्यायची, हे सगळं मी करतो. तू पुण्यात बसून अर्धा हिस्सा घेतोस आणि आता न्यायही तूच करणार?"

मी परत चिडलो. आणि या वेळी जरा लवकर कळलं, की चिडलो म्हणजे तिथं काहीतरी आहे. ते बरोबर बोलत होते. इतकी वर्षं त्यांच्या घामाचा हिशेब मी कधी केला नव्हता. मी आपाचं देणं शोधायला गेलो आणि वहीत भाईजानांचंही निघालं. दुसरी वही अशीच असते. एक पान उघडलं की मागची पानं सुटतात.

आज परिस्थिती अशी आहे. आपाच्या वाट्यातले जे अठ्ठावीस गुंठे माझ्याकडे आले होते, ते मी तिच्या नावावर परत केले. कागदावर त्याला बक्षीसपत्र म्हणतात. बक्षीस कसलं, तिचंच होतं. शेताच्या उत्पन्नातून भाईजानांच्या कष्टाची मजुरी आधी बाजूला काढायची आणि मग वाटे करायचे, असं आम्ही ठरवलं. त्यांच्याकडचे अठ्ठावीस गुंठे अजून झालेले नाहीत. मात्र यंदा हळदीची पट्टी आली तेव्हा त्यांनी आपाचा वाटा स्वतःहून वेगळा काढला. दोन एकर तेरा गुंठ्यांचा हिशेब उघडाच आहे. तो बंद झाला असं मी तुम्हाला सांगणार नाही.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. आत्मपरीक्षण म्हणजे मनाला बरं वाटणं नव्हे आणि मनाला वाईट वाटणंही नव्हे. मला चार महिने वाईट वाटत होतं, त्यानं आपाला एक गुंठाही मिळाला नाही. आपण कुणाचं काय देणं लागतो ते शोधणं आणि ते देणं, एवढं मिळून मुहासबा पूर्ण होतो. माणसाची वाढ व्हायची ती त्या देण्यातून होते.

आता तुम्ही काय करावं? मला जमलं तेवढंच सांगतो.

रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं कागदावर लिहा. मोबाईलवर नको, मोबाईल हातात घेतला की आपण दुसऱ्याचं बघायला लागतो. तीन रकाने करा. आज काय घडलं? तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं? यात कुणाचं काही देणं निघतं का? देणं जमिनीचंच असेल असं नाही. धाकट्या बहिणीचा फॉर्म भरायचा राहिला असेल. घरातल्या बाईनं सगळ्यांच्या मागून जेवायचं हे कुणी ठरवलं, असा प्रश्न निघेल. मित्राची माफी राहिली असेल. ज्या देण्याला तारीख घालता येते त्याला तारीख घाला.

आठवड्यातून एकदा कुणाला तरी विचारा, "माझ्यामुळे तुला काय त्रास होतो?" हे नेत्याला विचारू नका, जिगरी दोस्तालाही नको. ज्याचं तुमच्यापुढे काही चालत नाही त्याला विचारा. बहीण, बायको, हाताखाली काम करणारा पोरगा. आणि उत्तर मिळालं की एक दिवस काही बोलू नका. खुलासा देऊ नका. राग आला तर वहीत लिहा, आज इथं राग आला.

दोन धोके सांगतो. पहिला, स्वतःचा हिशेब घेता घेता माणूस स्वतःला खाऊ लागतो. कुरआनात नफ्सच्या वेगवेगळ्या अवस्था आल्या आहेत. वाईटाकडे ओढणारा, स्वतःला दोष देणारा आणि शांत झालेला. दोष देणारा नफ्स ही मधली अवस्था आहे, तिथं मुक्काम करायचा नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते आत्मपरीक्षण नाही, तो आजार असू शकतो. डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथं फोन करा. त्यात लाज नाही.

दुसरा धोका मी आत्ता इथं उभा राहून पत्करतो आहे. चूक कबूल करण्याचीही एक नशा असते. मी हे सांगितलं, तुम्हाला ते आवडलं, टाळ्या वाजल्या, की मला वाटणार, बघा मी किती प्रामाणिक. आपल्याकडे याला रिया म्हणतात, लोकांना दाखवण्यासाठी केलेली नेकी. म्हणून विनंती करतो, आज टाळ्या नकोत.

शेवटचं सांगून थांबतो. आपाचं नाव सातबाऱ्यावर लागलं तेव्हा मी तिला उतारा फोनवर पाठवला. मला वाटलं, ती रडेल, काहीतरी मोठं बोलेल. तिनं उतारा मोठा करून बघितला. लग्नाच्या आधीपासून सरकारी कागदावर तिचं नाव कधी नीट लिहिलं गेलं नव्हतं, कुठं एक मात्रा जास्त, कुठं अक्षरच वेगळं. तिचा फोन आला. म्हणाली, "नाम बराबर लिखे रे." आणि मग विचारलं, "हळदीचं बेणं कुठलं लावणार?"

ईदला ती घरी आली तेव्हा पहिल्यांदा पिशवी ओट्यावर ठेवून आधी शेताकडे गेली.

घरी गेल्यावर एकाला विचारा. फक्त एकाला. आणि ऐकून घ्या.